मेणवलीचे देणे

वाईजवळच्या मेणवलीत माझे एक देणे होते. रकमेने पाहिले तर अगदी किरकोळ. दोन माणसांच्या चहा-भज्यांत फिटावे एवढेच. पण ते पंधरा महिने थकले होते. या पंधरा महिन्यांत परीक्षेच्या कामासाठी दोनदा साताऱ्याला जाणे झाले, आणि दोन्ही वेळा सुरूरचा फाटा जवळ आला की मी एस.टी.च्या खिडकीतून मुद्दाम उलट्या बाजूला पाहू लागे. वाण्याची उधारी थकली म्हणजे माणूस दुकानावरून जाताना आकाशातले ढग पाहतो, त्यातलाच हा प्रकार!

देणे पैशाचे नव्हते. एका आजीबाईंना मी फोटोची प्रत देईन असे कबूल केले होते, आणि ती दिली नव्हती.

आता मराठीच्या प्राध्यापकाचा आणि फोटोंचा संबंध काय, असे कुणी विचारील. आमच्या कॉलेजात तसे विचारतातच. पण हौस घरातली आहे. माझ्या वडिलांजवळ ‘क्लिक थ्री’ नावाचा एक काळा, ठोकळेबाज कॅमेरा होता. बडोद्याला तयार होणारा हा कॅमेरा एके काळी मध्यमवर्गीय घरांचे भूषण होता. एका रोलात बारा चौकोनी फोटो. ऊन असले तर सूर्याच्या चित्रावर खूण आणायची, ढग असले तर ढगाच्या; आणि सूर्य पाठीशी घेऊन, श्वास रोखून खटका दाबायचा. ‘सूर्य पाठीशी’ हा त्या वेळचा वेदमंत्र होता. कॅमेऱ्याचा वेग ठरलेला, भिंग बेताचे. उजेड भरपूर पडला तरच काही उमटायचे. त्यामुळे त्या काळच्या सगळ्या फोटोंत मुले उन्हाने डोळे बारीक करून उभी असतात.

वाईच्या ढोल्या गणपतीसमोर वडिलांनी काढलेला आम्हा भावंडांचा असाच एक फोटो आमच्याकडे आहे. आम्ही दोघे डोळे मिचकावीत उभे. मागे देऊळ. आणि पुढे फरशीवर एक लांब सावली पडली आहे, ती वडिलांची. तिच्या शेजारी आणखी एक सावली आहे. तिच्या हातात पिशवी आहे. ती आईची. त्या सहलीतल्या बारा फोटोंत आई आहे ती एवढीच.

हे माझ्या लक्षात आले ते फार उशिरा. त्याविषयी पुढे सांगतो.

पंधरा महिन्यांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे वाईला गेलो होतो, मी, सौ. आणि बारावीतली मुलगी. पुण्याहून निघून खंबाटकीचा घाट ओलांडला की सुरूरपाशी उजवीकडे वाईचा रस्ता फुटतो. पूर्वी या रस्त्यावर जुन्या वडांचे छतच होते. आजही जे वड उभे आहेत त्यांच्या पारंब्यांतून कवडसे अंगावर घेत वाईत शिरावे. बहुतेक मंडळी वाईत नुसती वळण घेतात आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या मार्गाला लागतात. मराठीच्या माणसाला तसे करून चालत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी विश्वकोशाचा संसार मांडला तो याच गावात. शिवाय कृष्णेचे घाट आहेत, आणि गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. या देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केलेली आहे. पुराचे पाणी तिच्यावर आपटून दोन्ही अंगांनी दुभंगावे, अशी ती योजना. पुढून फोटो काढणारे शेकडो. ही भिंत पाहायला मागे जाणारा विरळा. नवशिक्या छायाचित्रकाराला मी पहिला सल्ला देईन तो हाच: कोणतीही वास्तू दिसली की खटका दाबण्याआधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घाला. पुण्य मिळो न मिळो, फोटो मिळतो.

वाईहून मेणवली तीनेक किलोमीटरवर. नाना फडणीसांचा सहा चौकी वाडा, आणि वाड्याच्या मागे कृष्णेवर उतरलेला चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. घाटावर देवळे आहेत, आणि एका लहानशा घुमटीत टांगलेली एक प्रचंड घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरीमाता आहे, आणि शेजारी शंकराचे देऊळ. दोघांचे अडीचशे वर्षे बरे चालले आहे. २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटातला घाट तो हाच. तेव्हापासून येथे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढली.

आम्ही सकाळी साडेसातला घाटावर पोचलो. हौशी माणसाने एवढे लवकर का उठावे, हे सौ.ला समजावून सांगताना मला कॉलेजातल्या पहिल्या तासाहून अधिक श्रम पडले. कारण साधे आहे. सूर्य वर आला की उजेड डोक्यावरून पडतो. माणसाच्या डोळ्यांखाली खड्डे आणि नाकाखाली मिशीसारखी सावली येते. सकाळी तो क्षितिजालगतच्या जाड हवेतून तिरपा येतो, म्हणून पिवळसर आणि मऊ असतो. तिरपा असल्यामुळे पायरी न् पायरी सावलीने वेगळी उठून दिसते. भर दुपारी हाच घाट एक सपाट काळा उतार दिसतो. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एकेक तास, एवढीच फोटोवाल्याची खरी दौलत. बाकीचा दिवस भजी खाण्यासाठी आहे.

माझा कॅमेरा काही भारी नाही. एका स्नेह्याकडून जुना विकत घेतलेला आहे. त्याचे अंतर्बाह्य मोल आमच्या शीतकपाटाएवढे. त्यावर ५० मिलिमीटरचे एक स्वस्त भिंग. भिंग पुढे-मागे करून दृश्य जवळ आणण्याची सोय त्यात नाही. जवळचे हवे तर स्वतः चार पावले जवळ जायचे. पण मला वाटते, शिकणाऱ्याला हेच बरे. पायांना सवय लागली की डोळ्यांनाही लागते.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी एक चिप असते, हे आता पोरेटोरेही जाणतात. पण त्यामागची कथा गमतीची आहे. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअराने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात फक्त दहा हजार ठिपके होते, चित्र काळे-पांढरे, आणि एक चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला तेवीस सेकंद लागत. आज माझ्या जुन्या कॅमेऱ्यातसुद्धा दोन कोटी चाळीस लाख ठिपके आहेत. रंगांची युक्तीही कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची. चिपला स्वतःला रंग कळत नाही, नुसता उजेड कळतो. तेव्हा प्रत्येक ठिपक्यावर तांबड्या, हिरव्या किंवा निळ्या काचेचा इवलासा चष्मा बसवायचा, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करून प्रत्येकाचा पुरा रंग ठरवायचा. हिरवे चष्मे मात्र दुप्पट. कारण माणसाच्या डोळ्यालाही बारकावे हिरव्यातच अधिक कळतात.

कॅमेऱ्याशी जमवून घ्यायला तीन गोष्टी कळल्या म्हणजे पुरे. भिंगाचे भोक किती उघडायचे ही पहिली; येथे आकडा लहान तेवढे भोक मोठे, हा उलटा न्याय लक्षात ठेवावा. पडदा किती वेळ उघडा ठेवायचा ही दुसरी. आणि आलेला उजेड किती फुगवून घ्यायचा, म्हणजे आयएसओ, ही तिसरी. मुलीला मी नळाचा दाखला दिला. तोटी किती सोडली, किती वेळ सोडली, आणि बादली केवढी, यांवर बादली भरणे अवलंबून. तिने तत्काळ विचारले, “बाबा, मग आयएसओ जास्त केला की काय होतं?” मी म्हटले, “बादली लहान घेतली की लवकर भरते, पण त्या थोड्या पाण्यात गाळ अधिक दिसतो.” घुमटीतल्या घंटेपाशी काळोख होता; तेथे आयएसओ १६०० केल्यावाचून हात न हलता चित्र येईना, आणि मोठे करून पाहिल्यावर घंटेच्या अंगावर रांगोळी सांडल्यासारखे कण दिसले. पण हललेल्या चित्रापेक्षा कणी पडलेले चित्र केव्हाही बरे. कणांकडे दुर्लक्ष करता येते, हललेपणाला औषध नाही.

घाटाने आणखी एक धडा दिला. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा यंत्रमामा समोरचे सारे जग सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. त्याला काळ्या पाषाणाचा घाट दाखवला की तो म्हणतो, ‘अरे, फार अंधार झाला!’ आणि सारे उजळून टाकतो. पाषाण फिक्का पडतो. पांढरेशुभ्र धोतर दाखवले की म्हणतो, ‘फार झगझगाट!’ आणि धोतर मळवतो. म्हणून काळ्या वस्तूला उजेड थोडा उणा करावा, पांढरीला थोडा अधिक. फोनच्या कॅमेऱ्यातही पडद्यावर बोट ठेवून ते वर-खाली सरकवले की हे साधते. काळ्याला काळे आणि पांढऱ्याला पांढरे म्हणायला यंत्राला शिकवावे लागते.

या साऱ्या पांडित्यात मी गढलो असताना खालच्या पायरीवर एक आजीबाई तांब्या घासत बसलेल्या दिसल्या. सकाळचे ऊन एका बाजूने तोंडावर आलेले. सुरकुत्यांचे जाळे असे उठून दिसत होते की माझ्या तोंडाला पाणी सुटले. हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे, कारण त्या क्षणी मला आजी दिसत नव्हत्या, सुरकुत्या दिसत होत्या. मी हळूच जवळ गेलो, भोक एफ २.८ इतके उघडले, वेग सेकंदाचा हजारावा भाग, आणि एक, दोन, तीन, चार फोटो घेतले.

पाचव्याला आजींनी मान वर केली.

“काय ओ, इचारायची रीत न्हाई का तुमच्याकडं?”

मी वरमलो. “चुकलो आजी. विचारायला हवं होतं.”

“हितं समदेच येत्यात आन् काढून न्हेत्यात. शिनेमावाले येत्यात, कालेजातली पोरं येत्यात. माज्या तोंडाचं फोटू मुंबैला गेलं आसंल, परदेशात गेलं आसंल. पन एक बी माघारी माज्याकडं आला न्हाई.”

“मी आणून देईन.”

“समदेच म्हनत्यात,” आजी म्हणाल्या, आणि पुन्हा तांब्या घासू लागल्या.

“हे कॉलेजात शिकवतात, आजी,” सौ.ने माझी बाजू सावरण्याचा प्रयत्न केला. “म्हणजे आणून देतील.”

“मास्तर हाईत व्हय? मग द्या. बगू.”

असे ते देणे झाले.

घरी आल्यावर ते फोटो मी संगणकावर चढवले. ते ‘रॉ’ पद्धतीने घेतले होते. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या छटा २५६. माझ्या कॅमेऱ्याच्या रॉ मध्ये १६,३८४. ताटात वाढलेला स्वयंपाक आणि कोठीतला शिधा एवढा यात फरक आहे. शिधा असला की मनासारखे रांधता येते. मी मनासारखे रांधले. रंग काढून टाकले, सावल्या आणखी काळ्या केल्या, सुरकुत्यांना धार आणली. मित्रमंडळींनी वाहवा केली. स्टाफरूममध्ये एकाने तर चेहऱ्यावर कृष्णाकाठचा इतिहास कोरला आहे असेही म्हटले. प्रत काढून मेणवलीला नेण्याचे ‘पुढच्या रविवारी’ ठरले. असे बरेच रविवार गेले.

मग एके दिवशी संगणकाची बाहेरची डिस्क ‘टक् टक्’ असा आवाज करू लागली आणि गप्प झाली. तिच्यात माझ्या सहा वर्षांच्या साऱ्या सहली होत्या. दुसरी प्रत? काढायची होती, पुढच्या रविवारी!

मित्रांना दाखवलेला फोटो फोनवर होता. पण व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेले चित्र वाटेत आकसते. पत्ता आकाराएवढे बरे दिसते, भिंतीवर लावण्याइतके मोठे केले की विस्कटते. मूळ चित्र जपायचे तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, हे ज्ञान मला नंतर झाले. आठ बाय बारा इंचांची चांगली प्रत काढायची तर सुमारे ८६ लाख ठिपके लागतात. आता ते कोठून आणावेत?

तारणहार ठरली मुलगी. तिने विचारले, “बाबा, तेव्हाचं कार्ड कुठाय?” कार्ड टेबलाच्या खणात होते. फोटो उतरवून झाल्यावर मी ते कॅमेऱ्यात पुसले होते, आणि नवे मोठे कार्ड आणल्यामुळे पुन्हा वापरले नव्हते. ती म्हणाली, पुसले म्हणजे फक्त अनुक्रमणिका फाडली. पाने आत असतात, वर दुसरे काही लिहीपर्यंत. तिने ‘फोटोरेक’ नावाचे एक फुकट मिळणारे साधन लावले, आणि तासाभरात त्या सुट्टीतले बहुतेक फोटो एकामागून एक वर आले. नावे गेलेली, क्रम गेलेला. पण घाट आला, घंटा आली, आणि आजी आल्या. तात्पर्य: कार्डावरचे फोटो चुकून पुसले गेले तर ते कार्ड तत्क्षणी काढून ठेवावे, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नये. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक फोटोच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. पुराण लिहून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे कळत होते. ते पोथीच्या प्रती करून गावोगावी देत.

त्याच आठवड्यात मी प्रत काढली, चौकटीत बसवली, आणि गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही पुन्हा मेणवलीला गेलो.

नदीवर धुके होते. खालच्या पायरीवर आजी नव्हत्या. माझ्या पोटात गोळा आला. देवळापाशी विचारले, तर गुरवाने गावाकडे हात केला: “गुडगं धरल्यात त्यांचं. घाटावर येत न्हाईत आता.” आम्ही घर शोधीत गेलो. आजी ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या.

“कोन म्हनायचं?”

“आजी, मी तो मास्तर. फोटो घेऊन आलोय.”

त्यांनी कागद सोडला, चौकट दोन्ही हातांत धरली, लांब नेली, जवळ आणली. मी वाहवा ऐकण्याच्या तयारीने उभा होतो.

“ह्ये कोन?”

“तुम्हीच, आजी.”

“मी?” त्यांनी पुन्हा पाहिले. “आंदारात का बशिवलंय मला? आन् आर्धंच तोंड? पदर बी डोक्यावर न्हाई. काय दुखणं झाल्यावानी दिसतंय.” मग माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. “न्हाई, आनलासा त्ये ब्येस केलं. दिल्या शब्दाला जागलासा. बसा, च्या टाकते.”

बसलो. आत भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता. फोटो कसला, एक धूसर डाग. त्यात दोन डोळे आणि एक मिशी ओळखू येत होती.

आजींनी माझी नजर पाहिली. “आमचं ह्ये. जाऊन तीन वर्सं झाली. फोटू कुटं व्हता? आदार कार्डावरनं काढला. आदारवर कोन मानूस बरं दिसतंय? चोरावानी दिसत्यात बगा. जल्मभर कुनाचं पैशाचं खाल्लं न्हाई, आन् भितीवर मातुर चोरावानी.”

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

बारा वर्षांपूर्वी माझी आई गेली. तेराव्यासाठी फोटो हवा म्हणून आम्ही भावंडांनी कपाटे उपसली. अल्बम काढले, पेट्या काढल्या. महाबळेश्वर होते, गणपतीपुळे होते, आमच्या मुंजी होत्या, वडिलांचा ऑफिसातला निरोपसमारंभ होता. आई प्रत्येक ठिकाणी होती, पण कोठे पाठमोरी, कोठे वाढताना वाकलेली, कोठे कुणाच्या खांद्याआड, आणि वाईला नुसती सावली. ती पिशव्या धरून उभी असे, म्हणून बाकीच्यांना हात मोकळे ठेवून फोटोत उभे राहता येई. अखेर मावसबहिणीच्या लग्नातल्या एका समूहचित्रातून तिचा चेहरा कापून काढला. आजही आमच्या दिवाणखान्यात आईच्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात कुणा अनोळखी माणसाच्या कोटाची बाही आहे.

त्या वर्षी मी कॅमेरा घेतला. पुन्हा असे होऊ द्यायचे नाही म्हणून घेतला होता. आणि बारा वर्षे मी घाट काढले, घंटा काढल्या, धुके काढले, सुरकुत्या काढल्या!

“आजी,” मी म्हटले, “तुम्हाला हवा तसा फोटो काढू?”

“मला?” त्या क्षणभर गप्प झाल्या. “काडा की. माघारी लावायला पोरांस्नी एक बरा आसला म्हंजी झालं. त्यांची धावाधाव नगं.” आणि त्या आत गेल्या.

सौ. त्यांच्या मदतीला गेली. वीस मिनिटांनी आजी बाहेर आल्या, त्या निळे इरकली लुगडे नेसून, केस चापून, डोक्यावर पदर घेऊन. गळ्यात एक साधी माळ. त्यांनी सांगायला सुरुवात केली. घराचे दार दिसले पाहिजे. पाय दिसले पाहिजेत. उन्हात नको, डोळे मिटतात. आणि ‘हसा’ म्हणायचे नाही.

मी सांगितले ते सारे ऐकले, आणि गंमत अशी की त्यातले एकही चुकीचे नव्हते. ओट्यावर छपराची सावली होती आणि समोर मोकळे अंगण. अंगणातल्या उन्हाचा उजेड उलटून मऊपणे त्यांच्या तोंडावर येत होता. माणसाच्या फोटोला याहून चांगला उजेड कोणत्याही स्टुडिओत विकत मिळत नाही. दारात, ओट्यावर, खिडकीपाशी, तो घरोघर फुकट पडलेला असतो. भोक एफ ५.६ इतके आवळले, म्हणजे आजींबरोबर दारही स्पष्ट यावे. वेग सव्वाशेवा भाग, आयएसओ ४००. मी अंगणात मागे सरलो. जवळून घेतला की नाक मोठे आणि कान लहान येतात. मग उकिडवा बसलो, कॅमेरा त्यांच्या छातीच्या उंचीवर आणला. उभ्याने वरून काढलेला फोटो माणसाला खुजे करतो. डोळ्यावर नेम धरला, आणि वाट पाहिली.

पहिल्या तीन फोटोंत आजी पोलिसापुढे बसल्यासारख्या दिसल्या. मी कॅमेरा डोळ्यापासून जरा बाजूला घेतला आणि विचारले, “आजी, मुलं कुठे असतात?”

“योक मुंबैला, योक हितंच हाय, रानात गेलाय. नातू बारावीला हाय.” आणि नातवाच्या नावाबरोबर हनुवटी किंचित वर झाली. मी खटका दाबला.

कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा त्यांना दाखवला. बराच वेळ त्या पाहत राहिल्या.

“हां,” त्या म्हणाल्या. “ही मी.”

त्या फोटोत कलेच्या दृष्टीने काही नाही. स्पर्धेला पाठवला तर पहिल्या चाळणीत गळेल. मधोमध एक म्हातारी बाई खुर्चीवर ताठ बसलेली आहे, मागे दार आहे, बस्स. पण बारा वर्षांत मी काढलेल्या हजारो फोटोंत ज्याचा फोटो त्याने ‘हा मी’ म्हणावे, असे किती आहेत हे मोजायला मला दोन्ही हातांची बोटे लागणार नाहीत.

“प्रत पाठवतो, आजी,” मी म्हटले.

त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले. सौ.नेही पाहिले. ती म्हणाली, “अहो, वाईत स्टुडिओ असेल की. आत्ता जाऊ.”

गेलो. बाजारपेठेतल्या एका स्टुडिओवाल्याने अर्ध्या तासात आठ बाय बाराच्या दोन प्रती काढून दिल्या. तेथे मुलीने सहज विचारले, “बाबा, आईचा असा एकटीचा फोटो आहे तुमच्याकडे?” मी म्हटले, “म्हणजे काय!” आणि आठवू लागलो. सौ. दुकानाच्या दारात पाठमोरी उभी होती. तिच्या एका हातात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात माझी कॅमेऱ्याची बॅग.

दुपारी आम्ही पुन्हा मेणवलीला गेलो. आजींनी प्रत घेतली, पदराने तिच्यावरून एकदा हात फिरवला, आणि मुलीला आत नेऊन पत्र्याची ट्रंक उघडायला लावली. इरकली लुगड्याच्या घडीखाली फोटो ठेवला, वर पांढरे फडके घातले आणि ट्रंक लावली.

“भिंतीवर नाही लावायचा, आजी?” मुलीने विचारले.

“न्हाई बाय. आजून येळ हाय त्याला.” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “फिटलं बरं का मास्तर.”

बाहेर ऊन उतरले होते. घाटावर तो सोन्यासारखा तास सुरू झाला असणार, हे मला कळत होते. पण मी घाटाकडे गेलो नाही. आजींच्या ओट्याच्या सावलीत सौ.ला उभे केले. ती दोनदा म्हणाली, “अहो, नको, केस विस्कटलेत.” मग केस सारखे करून उभी राहिली.

परतताना कॅमेरा मुलीच्या गळ्यात होता आणि पिशव्या माझ्या हातात.